पाच तारे आणि बोअरचे पाणी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका पत्रलेखकाने ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी सामान्य ग्राहक जे अभिप्राय लिहितात, त्यांची बरीच टिंगल केली होती. शुद्धलेखनाचा पत्ता नाही, मराठी, कानडी आणि इंग्रजीची खिचडी, आणि विषय काय तर तवा, झारा नि चहाची गाळणी. असले लिखाण वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असा त्यांचा एकंदर सूर होता. मी बेळगावात चाळीस वर्षांहून अधिक काळ भांड्यांचे दुकान चालवले. ऑनलाइन विक्री ज्या धंद्यांच्या मुळावर आली त्यांत आमचा धंदा अगदी पुढे आहे, त्यामुळे त्या विक्रीची वकिली करण्याचे मला काही कारण नाही आणि मी ती करतही नाही. परंतु या अभिप्रायांविषयी माझे मत सदर पत्रलेखकाच्या नेमके उलट झालेले आहे, आणि ते का झाले हे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या दुखण्यामुळे मी काही महिने घरी बसून होतो. दुकान तोवर मुलाने बंद करून जागा भाड्याने दिली होती. वेळ जाईना म्हणून नातवाच्या फोनवर एक पोळपाट पाहायला घेतला, आणि पोळपाटाच्या चित्राखाली लोकांनी काय लिहिले आहे ते वाचता वाचता दुपारची संध्याकाळ झाली. सुनेने विचारले की काय घ्यायचे आहे, तर घ्यायचे काहीच नव्हते. एका बाईंनी लिहिले होते की पोळपाट उत्तम आहे, परंतु त्याचे चार पाय सारख्या उंचीचे नाहीत, त्यामुळे पोळी लाटताना तो डुगडुगतो. आपण एका पायाखाली जुन्या वहीचा पुठ्ठा चिकटवला असून आता तक्रार नाही, मात्र पुठ्ठा भिजू देऊ नये. चाळीस वर्षांत मी शेकडो पोळपाट विकले असतील, पण पोळपाटाचे इतके नेमके वर्णन मला स्वतःला कधी करता आले असते असे वाटत नाही.

ज्यांनी भांड्यांच्या दुकानात कधी गल्ल्यामागे बसून दिवस काढलेला नाही, त्यांना या लिखाणाची गोडी कदाचित लगेच कळणार नाही. आमच्याकडे येळ्ळूर, कडोली, उचगाव, काकती अशा गावांहून बायका खरेदीला यायच्या. बाई घागर उचलणार, तिच्या बुडाला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकणार, काठावरून अंगठा फिरवणार, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला विचारणार की तुमच्याकडची कशी निघाली. त्या दुसऱ्या बाईचे उत्तर आम्हा दुकानदारांना नेहमीच धोक्याचे असे. ती सांगायची की जोड तिसऱ्या वर्षी उकलला, किंवा वजनात हलकी होती म्हणून विहिरीच्या काठावर आपटताच पोचा आला. तिला कुणी पैसे देत नव्हते, तिचे दुकानदाराशी वैर नव्हते आणि त्या पहिल्या बाईशी तिची ओळखही नव्हती. आपल्याला कळले ते पुढच्याला सांगायचे, एवढाच तिचा हेतू असे. आज फोनच्या पडद्यावर जे वाचतो ती हीच दुसरी बाई आहे, अशी माझी ठाम समजूत आहे. फरक इतकाच की आता तिचे बोलणे दुकान बंद झाल्यावरही तिथेच राहते.

पुस्तके विकण्यापासून सुरुवात करणाऱ्या अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत १९९५ सालीच ग्राहकांना बरे-वाईट दोन्ही लिहू दिले होते, असे मला नातवाने सांगितले. दुकानदार या नात्याने मला त्या धाडसाचे नवल वाटते. माझ्या दुकानात कुणी येऊन भिंतीवर खडूने लिहिले असते की या दुकानातील कळशी गळते, तर मी ते पुसून टाकले असते हे कबूल करण्यात आता संकोच नाही.

यातला जो अभिप्राय माझ्या सर्वाधिक लक्षात राहिला, तो एका प्रेशर कुकरवरचा आहे. चिकोडी भागातील एका गृहस्थाने कुकरला एकच तारा दिला होता. तूरडाळ सात शिट्ट्या झाल्या तरी शिजत नाही, दाणा दाण्याजागी राहतो आणि वरण म्हणून पिवळे पाणी ताटात येते, अशी त्यांची तक्रार होती. कंपनी बुडवी आहे, पैसे वाया गेले, वगैरे. खाली कुणा बाईंनी त्यांना विचारले होते की पाणी बोअरचे आहे का. त्यावर पुढे काही नव्हते. मी पान मिटले, पण महिन्याभराने सहज पुन्हा उघडले, तेव्हा त्याच गृहस्थांनी आपला मजकूर बदललेला होता. बहिणीकडे गेलो असता हाच कुकर सोबत नेला, तिथल्या नळाच्या पाण्यात डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली, तेव्हा दोष कुकरचा नसून आमच्या पाण्याचा आहे. विचारणाऱ्या ताईंचे आभार. तारे चार करत आहे, पाचवा देत नाही कारण कुकरची मूठ सैल होते.

संपादक महोदय, हे वाचून मला किती आनंद झाला हे सांगता येत नाही, कारण हीच गोष्ट मी गल्ल्यामागून वर्षानुवर्षे सांगत आलो आणि फारसे कुणी ऐकले नाही. जिल्ह्याच्या उत्तरेकडे आणि पूर्वेकडे काळ्या जमिनीतल्या बोअरच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या पेक्टिन या घटकाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे डाळ मऊ पडत नाही. कुकरच्या आत दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते हे खरे, तरी त्या क्षारांपुढे तोही हात टेकतो. आमच्या आजीला यातले रसायन ठाऊक नव्हते, पण डाळ भिजत घालताना चिमूटभर खायचा सोडा टाकायचा हे तिला ठाऊक होते. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचे धरणाचे पाणी येते म्हणून शहरातल्या बाईला कुकर भला वाटतो, आणि बोअरवर विसंबलेल्या तिच्या भावजयीला तोच कुकर फसवणूक वाटतो. मी असे कुकर परत घेतलेले आहेत, बदलून दिलेले आहेत आणि बदलून दिलेलेही परत घेतलेले आहेत. एका माणसाने आपली चूक चारचौघांत मान्य करून स्वतःच्या हाताने तारे वाढवले, हे मी दुकानात कधी पाहिले नाही. तिथे चूक कळलेला माणूस सहसा दुसऱ्या दुकानात जायला लागतो.

मिक्सरच्या बाबतीत असेच एक गमतीचे प्रकरण नेहमी आढळते. खोबरे, लसूण आणि सुक्या संकेश्वरी मिरच्यांची चटणी एकदम भांडेभर घालून वाटायला घेतली की मिक्सर मध्येच गप्प होतो, आणि घरातली मंडळी तो जळाला असे धरून चालतात. वास्तविक मोटरवर ताण आला की वीज तोडणारी एक कळ त्याच्या बुडाशी असते. मिक्सर थोडा वेळ थंड होऊ द्यावा, उलटा करून ते तांबडे बटण दाबावे, की तो पुन्हा सुरू होतो. माझ्या दुकानात महिन्यातून एक-दोन जण तरी बंद पडलेला मिक्सर घेऊन येत, मी तो आतल्या खोलीत नेऊन बटण दाबून परत आणून देत असे, आणि माझ्या हातात काही कला आहे असा माझा गल्लीत लौकिक झाला होता. या लौकिकाचा मी फायदा घेतला नाही असे म्हणणार नाही. त्यामुळे इतर वस्तू खपत. आता कुठल्याही मिक्सरखाली पाहावे तर एक तारा देऊन संतापलेल्या दहा जणांच्या मध्ये कुणीतरी एक शांत माणूस लिहून ठेवतो की मिक्सर उलटा करा आणि खालचे बटण दाबा. माझे गुपित असे फुकटात वाटले जात आहे. राग येण्याऐवजी मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

आपल्या भागापुरती एक गोष्ट मात्र विशेष आहे, आणि सदर पत्रलेखकाच्या ती लक्षात आलेली दिसत नाही. एकाच जिल्ह्यात खानापूर तालुक्याचे कणकुंबी, जांबोटी आहे, जिथे घाटमाथ्याचा पाऊस जूनपासून सोडत नाही, मलप्रभा जिथे उगम पावते, जिथे काड्यापेटी कोनाड्यात ठेवली तर चार दिवसांत सादळते. आणि त्याच जिल्ह्यात पर्जन्यछायेतले अथणी आहे, जिथे पापड वाळवायला मुहूर्त पाहावा लागत नाही. हवाबंद म्हणून विकला जाणारा एखादा प्लॅस्टिकचा डबा अथणीच्या बाईंच्या मते पाच ताऱ्यांचा असतो, आणि जांबोटीच्या बाई लिहितात की श्रावणात आतला चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ झाला. दोघी खरे बोलतात. डब्याची खरी परीक्षा जांबोटीत झाली, अथणीत त्याला अभ्यासच करावा लागला नाही. म्हणून ताऱ्यांची सरासरी पाहून वस्तू घेणाऱ्यांची मला गंमत वाटते. साडेचार म्हणजे नेमके कुठल्या पाण्यात, कुठल्या पावसात, किती माणसांच्या घरात? तारे देणाऱ्यांची गर्दीही बहुधा दोन टोकांना असते, कारण बेताच्या समाधानाने कुणी लिहायला बसत नाही. तेव्हा तारे बाजूला ठेवून मजकूर वाचावा, आणि मजकुरातही ज्याने आपले गाव, घरातील माणसे आणि वस्तू किती महिने वापरली हे सांगितले आहे त्याचा आधी वाचावा.

भाकरीच्या तव्याचेही तसेच आहे. खानापूरकडे तांदळाची भाकरी, गोकाक-अथणीकडे ज्वारीची. दोघींची आच निराळी, तव्याची अपेक्षा निराळी. बिडाच्या तव्यावर तर अभिप्रायांचे रीतसर युद्ध चालते. एक पक्ष लिहितो की आठ दिवसांत गंज चढला, तारा एक. दुसरा पक्ष, ज्यात बहुतेक वडीलधाऱ्या बायका असाव्यात असा त्यांच्या भाषेवरून माझा अंदाज आहे, पहिल्याला जवळजवळ दटावतो की रात्रभर मोरीत भिजत ठेवल्यावर गंज नाही तर काय चढणार. तवा धुतला की लगेच आचेवर कोरडा करावा, तेलाचा बोळा फिरवावा, आणि सुरुवातीचे काही दिवस रोज हे करावे, म्हणजे तेल तापून त्याचा काळा, गुळगुळीत थर धरतो आणि मग भाकरी सुटते. इतका तपशील कंपनीच्या माहितीपत्रकात मी तरी वाचलेला नाही. तिथे फार तर आरोग्यदायी आणि पारंपरिक असे दोन शब्द छापलेले असतात.

भाषेचा मुद्दा पत्रलेखकाने हिरिरीने मांडला आहे, म्हणून त्याविषयीही लिहितो. २०२१ साली अ‍ॅमेझॉनचे भारतातील दुकान मराठीतही वाचता येऊ लागले. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पाट्यांवरील, कचेरीतील आणि कागदपत्रांतील भाषेवरून काय काय होते ते आपल्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही, आणि तो या पत्राचा विषयही नाही. परंतु खोवणीचे पाते बोथट निघाले हे कोणत्या भाषेत लिहावे यावरून अजून तरी कुणी कुणाच्या अंगावर गेल्याचे ऐकिवात नाही. एकाच खोवणीखाली कुणी मराठीत लिहितो, कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, कुणी कानडीत लिहितो. मला कानडी बोलता येते, आमच्याकडे दुकानदारी करायची तर ती यावीच लागते, पण वाचता येत नाही. म्हणून शेजारची शाळकरी मुलगी मला ते मोठ्याने वाचून दाखवते. परवा तिने वाचले, छलो ऐती, म्हणजे चांगले आहे, आणि पुढे नारळ खोवताना पाट हलतो म्हणून तो पायाने घट्ट दाबून धरावा असे काहीसे होते. वर मराठीतल्या बाईंनी हेच लिहिले होते. अशुद्ध म्हणाल तर दोघींचे अशुद्ध होते. पण ‘हलतो’, ‘बोथट’, ‘खरखरीत’, ‘पचका’, ‘टिकाऊ’, ‘डुगडुगतो’ असे शब्द जितके सहज या लिखाणात येतात, तितके ते आजकाल छापील लेखांतही येत नाहीत. वस्तू हाताळणाऱ्याला नेमका शब्द लागतोच. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून पोचा आलेली घागर बरी होत नाही.

एक गोष्ट पत्रलेखकाची बरोबर आहे. खोटे अभिप्राय पुष्कळ असतात. त्यावर कायदा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाविषयी अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत यासाठी आयएस १९०००:२०२२ हे मानकही काढले. कायद्याने सोंगे थांबतात असा माझा अनुभव नाही, पण सोंग ओळखणे कठीणही नाही. खोटी स्तुती करणाऱ्याच्या घरात पाणी नसते, सासू नसते, मोरी नसते, भाकरी नसते. त्याच्या लिखाणात विशेषणे सगळी आणि नाम एकही नाही. ज्याने वस्तू खरोखर वापरली त्याच्या तोंडून एखादी निरुपयोगी वाटणारी गोष्ट निसटतेच: रंग चित्रातल्यापेक्षा फिका आहे, खोका आणणारा मुलगा सज्जन होता, आईला आवडले पण ती तसे म्हणणार नाही. गल्ल्यावर खोटी नोट ओळखायला जितका वेळ लागे, त्याहून कमी वेळ याला लागतो.

मात्र जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे केवळ अभिप्रायांवर विसंबू नये, हे मी माजी विक्रेता म्हणून आवर्जून सांगेन. कुकरवर आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक आहे की नाही, हे आधी पाहावे. मानकात न बसणारे कुकर आपल्या ठिकाणी विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना दंड केलेला आहे. डाळ चांगली शिजली एवढ्यावर खूश होऊन तारे देणाऱ्याला सुरक्षा झडपेची परीक्षा करता येत नाही, आणि त्याने ती करूही नये. फसवणूक झालीच तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

अमेरिकेत केळ्याच्या चकत्या पाडण्याच्या एका पिवळ्या प्लॅस्टिकच्या साच्यावर हजारो लोकांनी मुद्दाम थट्टेचे अभिप्राय लिहिले आणि त्यामुळे तो साचा जगभर गाजला. नातवाने त्यातले काही मला मराठीत सांगितले आणि तो पोट धरून हसला. मला त्यात फार रस वाटला नाही. आपण विनोद करत आहोत हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले की त्याची नजर वस्तूवरून उडून वाचणाऱ्यावर जाते. मला आवडतो तो फुलझाडूवर लिहिणारा माणूस, जो गंभीरपणे नोंदवतो की पहिले दोन आठवडे झाडू जितका केर काढतो तितकाच भुसा टाकतो, तेव्हा आधी तो अंगणात नेऊन झाडाच्या बुंध्यावर वीसेक वेळा आपटावा, मात्र शेजाऱ्यांचे कपडे वाळत असताना हे करू नये. हे शेवटचे वाक्य त्याला अनुभवातून सुचले असणार, यात मला शंका नाही.

एवढे सगळे वाचल्यावर आपणही एखादा अभिप्राय लिहावा असे मला वाटू लागले, आणि आमच्या घरात चार महिन्यांपूर्वी आलेल्या स्टीलच्या चहागाळणीवर मी लिहायला बसलो. पोलाद कोणत्या प्रतीचे, जाळी किती बारीक, दांड्याचा जोड कसा, कडेची पट्टी कशी वळवली आहे, हे सर्व मी व्यवसायातल्या ज्ञानाने चार परिच्छेदांत सविस्तर लिहिले आणि पाच तारे दिले. पाठवण्यापूर्वी तो मजकूर मी सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “गाळणं तुम्ही कधी धुतलासा?” मी गप्प राहिलो. त्यानंतर त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी माझे चारही परिच्छेद काढून टाकले, आणि तिथे आता एवढेच लिहिलेले आहे: जाळी आणि पट्टीच्या मधल्या फटीत चहापत्ती अडकते, काढायला जुना दात घासायचा ब्रश लागतो, माणसे सहा, वापर चार महिने, पाणी नळाचे, तारे तीन.

आपला नम्र,
एक निवृत्त भांडीविक्रेता
शहापूर, बेळगाव